शालापूर्व वयातील प्रज्ञावान बालक : अध्ययनसंधीच्या कल्पनेची चिकित्सा

१

तीन ते सहा या वयातील एखादे मूल समवयस्कांच्या पुष्कळ पुढे आहे असे आढळून आले, म्हणजे त्याच्या पालकांपुढे आणि शिक्षकांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘आता याला काय शिकवावे?’ हा. या प्रश्नाचे उत्तरही बहुधा ठरलेले असते. बालवाडीतील मुलाच्या हाती पहिलीचे पुस्तक द्यावे. ते संपले की दुसरीचे द्यावे. शंभरापर्यंत अंक येत असतील तर पाढे पाठ करून घ्यावे. आणि घरची स्थिती बरी असेल तर इंग्रजी शब्दांचा साठा वाढेल अशा शिशुवर्गात त्याचे नाव घालावे. हे उत्तर इतके सरळ वाटते की त्यामागील गृहीत तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. ते गृहीत असे की, प्रज्ञा म्हणजे वेग, आणि म्हणून अध्ययनाची संधी म्हणजे पुढच्या इयत्तेचा अभ्यासक्रम आधी मिळणे.

या विषयावरील वाङ्मय थोडे नाही. त्यापैकी काही निवडक ग्रंथ एकत्र वाचले असता त्यांतून वेगळीच दिशा सूचित होते. मुलाला काय शिकवावे यापेक्षा मूल काय विचारीत आहे, आणि त्या विचारण्याला योग्य उत्तर देणारे कोणी त्याच्याजवळ आहे की नाही, याला त्यांत अधिक महत्त्व येते. परंतु हे ग्रंथ रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या अनुभवावर उभे आहेत. मराठी मुलाच्या बाबतीत त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येत नाहीत. या दोन्ही गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रज्ञावान बालकांच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपरा मोजमापापासून सुरू होते. लुइस टर्मन यांच्या ‘जेनेटिक स्टडीज ऑफ जीनियस’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १९२५ साली प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार मुलांचा हा अभ्यास होता, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मी मुले शाळेत जाण्यापूर्वीच वाचावयास शिकली होती असे त्यात नमूद आहे. लवकर वाचता येणे हे प्रज्ञेचे लक्षण होय, ही समजूत रुजण्यास या निरीक्षणाने हातभार लावला असावा. लेटा हॉलिंगवर्थ यांना १९१६ साली १८० पेक्षा अधिक बुद्ध्यंक असलेले पहिले मूल आढळले. तेव्हापासून त्यांनी जमविलेल्या बारा मुलांच्या वृत्तांतांवर आधारलेला ‘चिल्ड्रेन अबव्ह १८० आय. क्यू.’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९४२ साली, प्रकाशात आला. मराठी भाषेपुरते बोलायचे तर व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोटीचे मराठी आणि कानडी रूपांतर १९३४ साली सिद्ध केले. तीन वर्षांच्या मुलापासून पुढे वापरता येणारी ही कसोटी देशात दीर्घकाळ प्रचारात राहिली. अशा प्रकारच्या कामाला साधनेही नव्हती त्या काळात कामत यांनी हे कार्य केले, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची साक्ष देते.

परंतु या परंपरेच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, बुद्ध्यंकाचा आकडा मूल कितपत पुढे आहे हे सांगतो, त्याला कशाची भूक आहे हे सांगत नाही. एकाच अंकाची दोन मुले सर्वस्वी भिन्न असू शकतात. एक रचना आणि आकृती यांत रमणारे, दुसरे शब्दांत. दुसरी मर्यादा भाषेची आहे. बिने-कामत कसोटीचा मोठा भाग शाब्दिक आहे, असा आक्षेप तिच्यावर वारंवार घेण्यात आला आहे. ज्या मुलाच्या घरची बोली कसोटीच्या प्रमाण भाषेपासून दूर आहे, त्याचे उत्तर अडले तर ते बुद्धीपाशी अडले की शब्दापाशी, हे परीक्षकाला सांगता येणे कठीण असते. डहाणूच्या परिसरातील वारली बोलणारे मूल आणि पुण्यातील सुशिक्षित घरातील मूल यांना एकच प्रश्न विचारला, म्हणजे दोघांना समान संधी मिळाली, असे म्हणता येत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला कोर्नेई चुकोव्स्की यांचा ‘दोन ते पाच’ हा रशियन ग्रंथ उभा आहे. १९२८ साली वेगळ्या नावाने प्रथम निघालेल्या या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९६३ मध्ये झाले. दोन ते पाच या वयातील प्रत्येक मूल भाषेच्या बाबतीत प्रतिभावंत असते, ही त्यांची भूमिका. मुलांच्या नव्या शब्दांतून, चुकलेल्या रूपांतून, न संपणाऱ्या ‘का’मधून चुकोव्स्की नियम शोधणारे मन दाखवितात. मराठी मूल ‘केलं’च्या जागी ‘करलं’ म्हणते तेव्हा त्याने ते रूप कोणाचे ऐकून उचललेले नसते, नियमाने घडविलेले असते. चुकोव्स्की यांच्या ग्रंथाचे मोल असे की तो चुकीकडे आदराने पाहावयास शिकवितो. मात्र सर्वच मुले प्रतिभावंत ठरविली की, ज्या एका मुलाचे प्रश्न वर्गातील इतरांपेक्षा फार खोल जातात त्याच्यासाठी निराळे काही करण्याचे कारण उरत नाही. मोजमापाची परंपरा भेद दाखवून थांबते, आणि ही दुसरी परंपरा भेदच पुसून टाकते. शिक्षकाला दोन्हींपैकी एकीतूनही उद्याच्या सकाळी काय करावे हे कळत नाही.

३

ही कोंडी फोडणारा पहिला महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे डोलोरेस डर्किन यांचा ‘चिल्ड्रेन हू रीड अर्ली’ (१९६६). कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे पहिलीत दाखल झालेल्या ५,१०३ मुलांपैकी शाळेत न शिकता वाचू शकणारी ४९ मुले त्यांना आढळली. न्यूयॉर्क येथे त्यांनी दुसरा अभ्यास केला. या मुलांच्या घरी जाऊन पालकांशी बोलल्यावर जे चित्र उभे राहिले ते अपेक्षेहून वेगळे होते. सर्व मुले असामान्य बुद्ध्यंकाची नव्हती. सामान्य आर्थिक स्थितीतील कुटुंबांची मुलेही त्यांत बरीच होती. आणि त्यांना बसवून, नेमाने शिकविण्यात आले होते असेही नव्हते. समान आढळल्या त्या गोष्टी साध्या होत्या. घरात कागद आणि पेन्सिल मुलाच्या हाती लागेल अशी होती. पुष्कळ मुलांची सुरुवात वाचण्याने न होता रेघोट्यांनी आणि अक्षरे काढण्याने झाली होती. ‘माझे नाव कसे लिहितात?’, ‘तिथे काय लिहिले आहे?’ असे मूल विचारी, आणि कोणीतरी उत्तर देई. अनेक घरांत हे उत्तर देणारे माणूस म्हणजे ‘शाळा-शाळा’ खेळणारे मोठे भावंड होते.

डर्किन यांच्या ग्रंथाचे महत्त्व लवकर वाचण्याच्या समर्थनासाठी सांगितले जाते, कारण या मुलांची आघाडी पुढील काही वर्षे टिकून राहिली. तथापि त्यातील खरा धडा निराळा आहे. संधी ही पुस्तकाच्या रूपाने आली नव्हती. उत्तराच्या रूपाने आली होती. प्रश्न मुलाचा, वेळ मुलाची, आणि उत्तर तेवढेच जेवढे विचारले. पुढच्या इयत्तेचा अभ्यासक्रम या तिन्ही गोष्टी उलट्या करतो. तेथे प्रश्न पुस्तकाचा असतो, वेळ वर्गाची असते, आणि उत्तर मुलाने द्यावयाचे असते.

४

डर्किन यांनी घरातील परिस्थिती दाखविली. मुलाच्या मनात काय चालते हे चार्ल्स रीड यांच्या १९७१ सालच्या निबंधाने दाखविले. शाळेत जाण्यापूर्वीच स्वतःच्या बुद्धीने शब्द लिहू लागलेल्या काही अमेरिकन मुलांचे लेखन त्यांनी तपासले. वरवर पाहता ते अशुद्धलेखन होते. परंतु एकमेकांना न ओळखणारी मुले एकाच प्रकारे ‘चुकत’ होती. ‘ट्रक’सारख्या शब्दांच्या आरंभी ती ‘च’ या ध्वनीसाठी असलेली अक्षरे वापरीत. कारण इंग्रजी उच्चारात तेथील ‘ट्’ हा ‘च्’च्या जवळ सरकलेला असतो. प्रौढ वाचकाला तो फरक ऐकू येत नाही, कारण लिपीने त्याचा कान बांधलेला असतो. त्याचप्रमाणे व्यंजनापूर्वीचे अनुनासिक ही मुले लिहीतच नसत. त्याला स्वतंत्र ध्वनी न मानता आधीच्या स्वराचा रंग मानीत. ज्या सूक्ष्म ध्वनिभेदांचे वर्णन ध्वनिशास्त्राचा विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात शिकतो, त्यांतील काही या चार-पाच वर्षांच्या मुलांनी स्वतः टिपले होते. त्यांचे पालक हे लेखन पाहून अस्वस्थ झाले नाहीत, ते त्यांनी तसेच चालू दिले, ही नोंदही रीड यांनी केली आहे.

त्याच वर्षी कॅरल चॉम्स्की यांनी ‘आधी लेखन, मग वाचन’ असे प्रतिपादन केले. वस्तुतः या विचाराचा अनुभव मारिया माँटेसरी यांना फार पूर्वी आला होता. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो वस्तीत सुरू झालेल्या त्यांच्या बालगृहात, खरखरीत कागदाची अक्षरे बोटांनी गिरवीत असलेली मुले अकस्मात लिहू लागली, आणि वाचन मागाहून आले. ती मुले श्रमिक कुटुंबांतील होती, प्रज्ञावान म्हणून निवडलेली नव्हती. माँटेसरी, डर्किन आणि रीड यांचे मार्ग भिन्न असूनही ते या एका ठिकाणी एकत्र येतात: लहान वयात भाषेचे अध्ययन घडते ते मूल स्वतः काही घडवीत असताना.

याला एक पुरवणी कॅथरीन नेल्सन यांनी संपादिलेल्या ‘नॅरेटिव्ह्ज फ्रॉम द क्रिब’ (१९८९) या ग्रंथाने जोडली. एमिली नावाच्या, भाषेत विलक्षण पुढे असलेल्या मुलीचे एकवीस ते छत्तीस महिन्यांच्या वयातील झोपण्यापूर्वीचे बोलणे ध्वनिमुद्रित करून अनेक अभ्यासकांनी त्याचा अर्थ लावला. एकटी असताना एमिली जे स्वतःशी बोले, ते वडिलांशी होणाऱ्या तिच्या संवादाहून अधिक गुंतागुंतीचे होते. दिवसभरात घडलेल्याची ती फेरमांडणी करी, उद्याचा अंदाज बांधी, कार्यकारणभाव जुळवून पाही. प्रज्ञावान मुलाचा प्रत्येक तास एखाद्या वर्गाने भरून टाकणाऱ्या पालकांनी या निष्कर्षाचा विचार करावयास हवा. रिकामा, कोणी हात न लावलेला वेळ हादेखील अध्ययनसंधीचा भाग आहे, आणि तो विकत मिळत नसल्यामुळेच बहुधा दुर्लक्षित राहतो.

५

येथपर्यंतचे विवेचन मान्य केले तरी एक मोठी उणीव शिल्लक राहते. माँटेसरींची अक्षरे इटालियन लेखनासाठी होती, जेथे लेखन आणि उच्चार बव्हंशी जुळतात. डर्किन आणि रीड यांची मुले इंग्रजी लिहीत होती. मराठी मूल ज्या लिपीशी झुंजते तिची घडण निराळी आहे, आणि म्हणून त्याचे प्रश्नही निराळे असणार.

देवनागरीत व्यंजनाच्या चिन्हात ‘अ’ अंतर्भूत असतो. तरीही ‘घर’ या शब्दातील अखेरचा ‘र’ आणि ‘रस’ या शब्दातील पहिला ‘र’ उच्चारात सारखे नाहीत. पहिल्यात ‘अ’ ऐकू येत नाही. ‘किती’ या दोनच अक्षरांच्या शब्दात एक वेलांटी व्यंजनाच्या आधी काढावी लागते आणि दुसरी नंतर. उच्चारात मात्र दोन्ही स्वर व्यंजनानंतरच येतात. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतील पहिले ध्वनी भिन्न आहेत, ‘जाळे’ आणि ‘जीव’ यांतीलही भिन्न आहेत, पण चिन्ह एकच. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘वाऱ्यावर’ या शब्दांत ‘र’ चार वेगळी रूपे घेतो. ‘आंबा’ म्हणताना अनुस्वाराच्या जागी ओठ मिटतात, ‘पंखा’ म्हणताना मिटत नाहीत. टिंब मात्र तेच. येथे रीड यांच्या निरीक्षणाशी एक मनोवेधक तुलना संभवते. अनुनासिकाला स्वतंत्र अक्षर न देण्याची अमेरिकन मुलांची प्रवृत्ती तेथे चूक ठरली. देवनागरीने मात्र त्याला ओळीत जागा न देता आधीच्या अक्षराच्या माथ्यावर टिंबाच्या रूपाने बसविले आहे.

तीक्ष्ण कानाचे चार वर्षांचे मूल ‘चाकातला च आणि चहातला च एकच कसा?’ असे विचारू शकते. हा प्रश्न त्याच्या प्रज्ञेचे खरे चिन्ह आहे. पहिलीचे पुस्तक घडाघडा वाचणे हे तितकेसे नाही. या क्षणी त्याला मिळणारे नेहमीचे उत्तर असते: ‘असेच लिहायचे असते.’ उत्तर देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला स्वतःला तो भेद कोणी दाखविलेला नसतो. परिणाम मात्र असा होतो की मुलाने बरोबर ऐकलेले चुकीचे ठरते, आणि चार-सहा वेळा असे झाल्यावर मूल कानावर विश्वास ठेवण्याचे सोडून पाठांतरावर विश्वास ठेवू लागते. असे मूल पुढे वर्गात पहिले येतही असेल. परंतु जे हरवले त्याची नोंद गुणपत्रिकेत होत नाही.

याउलट, देवनागरीने मराठी मुलासाठी एक संधी आयती ठेवलेली आहे. ‘क’पासून ‘म’पर्यंतचे पाच वर्ग घशाकडून ओठांकडे येतात. प्रत्येक वर्गातील पाचवा वर्ण नाकातून निघतो. वर्णमाला पाठ करून घेतली जाते, पण तिच्यातील ही व्यवस्था मुलाला सहसा दाखविली जात नाही. ‘प, फ, ब, भ, म’ म्हणताना ओठांवर बोट ठेवावयास सांगणे, नाक चिमटीत धरून आधी ‘ब’ आणि मग ‘म’ म्हणावयास लावणे, गळ्यावर हात ठेवून ‘स’ लांबवीत नेणे आणि मग ‘म’ लांबवीत नेणे, हे खेळ आहेत. त्यांना साहित्य लागत नाही, खर्च येत नाही. त्यांतून सामान्य मुलाला गंमत मिळते, आणि प्रज्ञावान मुलाला एक सबंध शोध मिळतो: अक्षरांचा क्रम कोणीतरी विचार करून लावला आहे, आणि तो क्रम आपल्याच तोंडात तपासून पाहता येतो. असे मूल पुढच्या पुस्तकाची वाट पाहत बसत नाही. हाती असलेल्या गोष्टीतच खोल जाते.

६

अशी संधी कोठे उपलब्ध व्हावी, हा प्रश्न उरतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ सालचा कायदा सहा ते चौदा या वयोगटासाठी आहे. प्रवेशासाठी मुलांची चाचणी घेण्यास त्याने मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. पुण्यातील ज्ञान प्रबोधिनी (स्थापना १९६२) या संस्थेने बुद्धिमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा मराठीत मोठा प्रयोग केला, पण तिची प्रशाला पाचवीपासून सुरू होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून घरच्या भाषेवर भर दिला. तथापि विशेष गती असलेल्या मुलांविषयीची त्यातील कलमे मुख्यतः शाळेतील विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली दिसतात. तीन ते सहा या वयासाठी प्रज्ञेचा विचार कोणाच्याच वाट्याला आलेला नाही.

निराळ्या निवडक शिशुवर्गांची मागणी अशा वेळी पुढे येते. तिच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा हॉलिंगवर्थ यांच्या ग्रंथात आहे. अत्यंत उच्च बुद्ध्यंकाच्या मुलांना खेळगडी मिळत नाहीत. त्यांनी योजिलेले गुंतागुंतीचे खेळ समवयस्कांना कळत नाहीत, आणि ती एकटी पडतात. हे दुःख खरे आहे आणि ते ‘मोठा झाला की होईल ठीक’ असे म्हणून उडवून लावण्यासारखे नाही. परंतु या वयातील निवड बहुधा शब्दसंग्रह, अक्षरओळख आणि धीटपणा यांवरच होणार, आणि या तिन्ही गोष्टी घराच्या सांपत्तिक स्थितीशी बांधलेल्या आहेत. निवडक वर्ग काढला तर तो प्रज्ञावानांचा कमी आणि सुस्थितांचा अधिक होण्याचा संभव आहे.

यापेक्षा अधिक टिकाऊ मार्ग मराठी बालशिक्षणाच्याच इतिहासात सापडतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला हलविले. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरींच्या महागड्या साधनांऐवजी खडे, पाने, शिंपले वापरले, आणि मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. त्या कार्याचा हेतू वंचित मुलांपर्यंत पोहोचण्याचा होता. परंतु त्यातील दोन तत्त्वे प्रज्ञावान मुलालाही तितकीच उपकारक आहेत. साधन असे असावे की ज्याचा उपयोग मूल आपल्या कुवतीनुसार वाढवू शकेल, हे एक. दुसरे, वयांची भिंत नसावी. तीन, चार आणि सहा वर्षांची मुले एकत्र असली म्हणजे पुढे गेलेल्या मुलाला वरचा सोबती मिळतो, आणि खालच्याला शिकविताना त्याचे स्वतःचे ज्ञान पक्के होते. डर्किन यांच्या अभ्यासातील मोठे भावंड संस्थेत आणावयाचे तर ते मिश्र वयोगटातूनच आणता येईल. हॉलिंगवर्थ यांनी वर्णिलेल्या अतिविरळ मुलाला एवढ्याने पुरणार नाही, हे कबूल केले पाहिजे. त्याला आठवड्यातून काही वेळ तरी त्याच्या प्रश्नांशी बरोबरीने बोलणारे मोठे माणूस लागेल. मग ते निवृत्त शिक्षक असोत, वा शेजारचे आजोबा असोत.

या मार्गातील खरी अडचण शिक्षिकेची आहे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविकेकडे पोषण आहार, वजनाच्या नोंदी, लसीकरणाचे साहाय्य आणि शालापूर्व शिक्षण अशी अनेक कामे आहेत. तिच्याकडून ध्वनिशास्त्राची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण ते ज्ञान तिच्यापर्यंत पोहोचविणे हे ज्यांचे काम आहे, त्यांनी ते केलेले नाही, हे म्हणणे अन्यायाचे नाही. बालशिक्षणाच्या प्रशिक्षणात बालमानसशास्त्र येते, आरोग्य येते, गाणी आणि हस्तव्यवसाय येतात. मराठीचा उच्चार आणि देवनागरीची घडण यांना मात्र त्यात स्थान अपुरे आहे. रीड यांनी अमेरिकन मुलांच्या लेखनाचा जसा संग्रह केला, तसा शालापूर्व वयातील मराठी मुलांच्या उत्स्फूर्त लेखनाचा तारीखवार संग्रह, निरनिराळ्या बोलींच्या प्रदेशांतून, होणे अगत्याचे आहे. त्यातून मराठी मूल लिपीला कोणते प्रश्न विचारते हे कळेल, आणि त्या प्रश्नांची उत्तरे शिक्षिकेसाठी सोप्या भाषेत लिहिता येतील. हे काम विद्यापीठांतील भाषाविभागांचे आहे. शिक्षणशास्त्र विभागांवर ते ढकलता येणार नाही.

तात्पर्य, शालापूर्व वयातील प्रज्ञावान मुलासाठी संधी शोधणे म्हणजे त्याला वर्षभर पुढे ढकलणे नव्हे. त्याच्या हाती कागद, पेन्सिल आणि मोकळा वेळ असावा, त्याच्या आगेमागे वेगवेगळ्या वयांची मुले असावीत, आणि त्याने ‘का’ म्हटल्यावर खरे उत्तर देऊ शकेल, किंवा ‘चल, म्हणून पाहू’ असे म्हणेल, असे एक माणूस असावे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी थोड्या खर्चात आणि थोड्या समजुतीने साधतात. तिसऱ्या गोष्टीसाठी त्या माणसाला आधी शिकवावे लागेल.